वगळलेले नऊ

२ फेब्रुवारी

शहाण्या,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही आणि खाली आशीर्वादही नसतील. हात वळत नाही. घरी ज्या नावानं तुला हाक मारायचे तेच लिहिलंय. ते ताईनं ठेवलेलं नाव आहे, ते बदलायचा हक्क मला नाही.

ताईला जाऊन चौदा महिने झाले. त्या दिवसापासून आपण एकमेकांशी बोललेलो नाही. आत्ताही मी तिच्याबद्दल लिहीत नाहीये, कामाबद्दल लिहितेय.

तुझा शोधनिबंध आमच्या विभागाच्या फलकावर लागलाय, फोटोसकट. मान जरा तिरकी, नजर लांब कुठेतरी, जणू खिडकीबाहेर पुढचं शतक दिसतंय. खाली विभागप्रमुख बाईंनी लाल शाईनं लिहिलंय, 'नमुने आपल्याच प्रयोगशाळेतले!' सकाळपासून जो तो येऊन मला सांगतोय, "तुमचे बंधू हो!" मी प्रत्येकाला "हो" म्हणतेय.

मी निबंध वाचला. म्हणजे मथळा वाचला, सारांश वाचला आणि थेट शेवटच्या पुरवणीवर गेले, कारण माझं काम तिथे असतं. सव्वीस वर्षं मी गाठी कापते. मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, त्याचा केसाच्या पंधराव्या हिश्श्याइतका पातळ काप, तो कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि सुरकुती न पडू देता काचेवर उचलायचा. तुझ्या अभ्यासासाठी मी फुप्फुसाच्या कर्करोगाचे दोनशे चौदा ठोकळे कापले. निबंधात दोनशे पाच आहेत. तळटीप अशी: 'दर्जा अपुरा असल्याने नऊ नमुने वगळले.'

माझे काप आणि दर्जा अपुरा? या विभागात नवीन आलेल्या मुलींना माझे काप दाखवून शिकवतात. एवढ्या वर्षांत कुठल्याही डॉक्टरनं माझी काच परत पाठवलेली नाही. आणि तू, ज्याच्या पाटीवरची अक्षरं मी पुसून पुन्हा काढायचे, तू मला छापील कागदावर गबाळी ठरवलंस?

कोणते नऊ आणि त्यांत काय खराब होतं, एवढं कळव. चूक माझी असेल तर मी मान्य करीन.

मधली

१९ फेब्रुवारी

शहाण्या,

तुझं उत्तर मिळालं. दीड ओळ. 'ही सांख्यिकीची बाब आहे, तुला नाही कळायची. मनाला लावून घेऊ नकोस.'

मला कितपत कळतं ते लिहिते, चुकलं तर सांग. आपल्या शरीरात पहारेकरी पेशी असतात. त्या गाठीत शिरून लढतात की बाहेरच घुटमळतात, हे ज्यांच्यावरून समजतं अशी अकरा जनुकं तू निवडलीस. गाठीच्या तुकड्यात त्यातलं प्रत्येक जनुक किती जागं आहे ते यंत्रानं मोजायचं, त्याला तू ठरवलेलं वजन द्यायचं आणि बेरीज करायची. बेरीज रेषेच्या खाली आली तर पहारेकरी जागे आहेत, त्यांना बळ देणारं नवं औषध लागू पडेल, माणूस तगेल. रेषेच्या वर गेली तर औषधाचा नुसता त्रास, माणूस वर्षभरात जायचा. बरोबर?

मी साठवणीच्या खोलीत जाऊन तुझी पेटी उघडली. नऊ ठोकळे एका कोपऱ्यात वेगळे बांधून ठेवलेले. त्यांवर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी: 'हे नऊ अभ्यासातून काढावेत. ८ मे.' मी नऊच्या नऊ पुन्हा कापले, रंगवले, भिंगाखाली पाहिले. लख्ख आहेत. मग नोंदी काढल्या. नऊही जणांची बेरीज तुझ्या रेषेच्या वर. नऊही जणांना ते औषध मिळालेलं, कारण तेव्हा तुझं सूत्र जन्मालाच आलं नव्हतं आणि त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. तुझ्या हिशेबानं सगळे वर्षात संपायला हवे होते. चौघं गेले, पण तीन तीन, चार चार वर्षं काढून. पाच आजही जिवंत आहेत.

सूत्राला खोटं पाडणारे हे एवढेच होते, आणि नेमके तेवढेच तू काढलेस. गणित सुटेना म्हणून माणसं खोडलीस!

८ मे. आता पुढची तारीख मी सांगते. १९ मे, ताईचं घर. अकराच दिवस झाले होते. ताईचे डॉक्टर म्हणाले होते, "तुमच्या घरातच यातला माणूस आहे, त्यांनाच विचारा." म्हणून तू आला होतास. ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि तिची लेक वहीत सगळं टिपून घेत होती.

"मग नको म्हणतोस औषध?" ताई म्हणाली.

"ताई, तुझी बेरीज रेषेच्या खूप वर आहे. उगाच हाल होतील. आहेत ते दिवस सुखानं घालवू या."

लेकीनं पेन थांबवलं. "मामा, एवढी बेरीज असून कुणीच वाचलेलं नाही? एकही नाही?"

तू चष्मा काढलास, पुसलास, परत घातलास आणि म्हणालास, "कुणीच नाही."

तेव्हा तुझ्या नऊ माणसांची चिठ्ठी अकरा दिवस जुनी होती. ताई त्याच डिसेंबरात गेली. औषध दिलं असतं तर ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. तिला विचारायचं होतं आणि तू खोटं उत्तर दिलंस, एवढंच म्हणते. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मधली

११ मार्च

शहाण्या,

तू गप्प आहेस. बरं आहे, मला सांगायला मोकळीक.

काल तुझ्या नऊपैकी एक भेटला. शाळेची बस चालवतो. सहा महिन्यांनी तपासणीला येतो, तसा आला होता. छातीचा फोटो काढायच्या खोलीबाहेर बाकावर बसून शेजारच्या बाईंना सुईची भीती कशी घालवायची ते शिकवत होता. रुग्णांशी असं परस्पर बोलायचं नसतं, नोंदीतली नावं बाहेर काढायची नसतात. हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात आणि सव्वीस वर्षांत मी ते कधी मोडलं नव्हतं. काल मोडलं.

"तुमची गाठ मी कापली होती," मी म्हटलं. "प्रयोगशाळेत."

"मग आपली आतली ओळख आहे म्हणायची," तो म्हणाला आणि सरकून जागा दिली.

"तुमचा तुकडा एका मोठ्या अभ्यासात होता. तुम्हाला त्यातून काढून टाकलंय."

"का? मी काय केलं?"

"मेला नाहीत."

तो इतका हसला की त्याला खोकला लागला. "आमच्या घरीही अधूनमधून हीच तक्रार असते!" मग त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "म्हणजे हा आकडा त्या वेळी असता तर मला औषध दिलंच नसतं?"

"नसतं."

"चार वर्षं झाली," तो म्हणाला. "रोज चाळीस पोरं घरी सोडतो. दारात आई दिसल्याशिवाय एकालाही उतरू देत नाही." बोटांवर काहीतरी मोजायला लागला आणि मध्येच सोडून दिलं. "बाई, ज्यानं हे केलं तो माणूस कोण?"

"माझा धाकटा भाऊ."

तो सहानुभूती दाखवेल असं मला वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "मग तुम्हाला त्याचा पत्ता माहीत असेल."

आहे. तुझा पत्ता मला तोंडपाठ आहे. जिवंत असलेल्या इतर चौघांचे पत्तेही आता आहेत.

मधली

२८ मार्च

शहाण्या,

स्वतः बोलायची छाती नाही म्हणून बायकोला पुढे केलंस. काल ती फोनवर रडली. "वन्सं, घरातलं भांडण चव्हाट्यावर आणू नका. ह्यांची झोप उडालीय." मी म्हटलं, "त्याची उडू दे, तू गोळी घेऊन झोप." फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. तिचं काही चुकलेलं नाही, फक्त स्थळ चुकलं.

आणि त्याच दिवशी तुझी तक्रार विभागप्रमुख बाईंच्या टेबलावर. मी परवानगीशिवाय नोंदी चाळल्या, वैयक्तिक आकसातून. चोराच्या उलट्या बोंबा! पण तक्रार खरी आहे, म्हणून मी नाकारली नाही. नऊ ठोकळे, नऊ काचा आणि तुझी चिठ्ठी बाईंसमोर मांडली. त्यांनी बघितलं, निदान बघितल्यासारखं केलं. म्हणाल्या, "तुम्ही दोघं बहीणभाऊ आहात. या वादात मला ओढू नका. एक जूनपासून त्यांचं सूत्र आपल्याकडे लागू होतंय, वरून आदेश आहे. बेरीज रेषेच्या वर असेल त्याला औषध नाही."

परवा मी गाणं शिकवणाऱ्या एका बाईंचा ठोकळा कापला. बत्तीस वर्षांच्या आहेत. जूनपासून त्यांचं औषध तुझी रेष ठरवणार.

१४ एप्रिलला तुझं सन्मानाचं व्याख्यान आहे, आमच्याच रुग्णालयाच्या सभागृहात. मी येणार आहे. एकटी येणार नाही.

मला न्याय हवाय, रुग्णांचं भलं व्हायला हवंय, असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खोटं नाही. पण तुला आतलं सांगते. मला तुला मान खाली घातलेलं बघायचंय. भरल्या सभेत. त्यासाठी नोकरी गेली तरी चालेल, इतकं मला ते हवंय.

मधली

१६ एप्रिल

शहाण्या,

तू तिथेच होतास, तरी मी लिहिणार आहे. कारण तू नंतर ते स्वतःला वेगळं सांगशील.

पाचही जण आले होते. बसचालक इस्त्रीचा सदरा घालून आला होता. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा होते, निवृत्त परिचारिका होती, नकाशे काढणारी एक बाई होती, आणि एक पोहणं शिकवणारा होता, जो एका फुप्फुसावर अजून पोरांना पाण्यात ढकलतो. मी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं आणि मागे भिंतीला टेकून उभी राहिले. तू आत आलास, पुढच्या रांगेत बसलेत म्हणजे कुणी देणगीदार असतील असं समजून पाचही जणांशी हात मिळवलेस. आजोबांना तर वाकून नमस्कार केलास! तुला तोंडं कुठून ओळखू येणार, तू त्यांचे आकडेच पाहिलेले.

मग पडद्यावर तुझ्या दोन रेषा आल्या. निळी वर तरंगत राहिलेली, लाल पायऱ्या उतरत थेट तळाला गेलेली. तू काठी लाल रेषेच्या टोकावर ठेवलीस. "वर्षभरानंतर या गटात कुणीही उरत नाही."

बसचालकानं हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"प्रश्न शेवटी घेऊ," तू म्हणालास.

"प्रश्न नाही, डॉक्टर. हजेरी आहे. मी एकशे एक्केचाळीस."

"एकशे एक्केचाळीस काय?"

"तुमच्या यादीतला नंबर. लाल गटातला. तुम्ही काढून टाकलेला."

लोक हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. मग परिचारिका उठली. "अठ्ठ्याऐंशी. साडेपाच वर्षं झाली." नकाशेवाली बाई उठली, पोहणारा उठला. आजोबांना उठायला वेळ लागला, बसचालकानं त्यांना हात दिला, आणि सभागृह तोवर इतकं शांत झालं होतं की त्यांच्या गुडघ्याचा आवाज मागपर्यंत आला. "एकशे नव्वद," ते म्हणाले. "आणि ज्या चौघांना यायला जमलं नाही, त्यांच्या वतीनंही मीच."

मंचावर बसलेल्या कुणीतरी विचारलं, "हे खरं आहे का?" तू पाणी प्यायलास. कागद चाळलेस. मग सगळी डोकी ओलांडून तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी हसले. ते हसू मी दोन महिने जपून ठेवलं होतं.

तू मान खाली घातलीस. मला हवं होतं तेवढं झालं.

ताईच्या लेकीला मी बोलावलं नव्हतं. का, ते विचारू नकोस.

मधली

११ मे

शहाण्या,

चौकशी समितीचं पत्र तुलाही आलं असेल. निबंध मागे, सन्मान मागे, पद तूर्तास स्थगित. आमच्याकडे सूत्र लागू होणार नाही. गाणं शिकवणाऱ्या बाईंना परवा औषधाची पहिली सलाईन लागली. मलाही कागद मिळालाय: नोंदी उघड केल्याबद्दल तीन महिने कामावर यायचं नाही. मी सही करून घेतला.

म्हणजे मी जिंकले. अभिनंदनाचे फोन येतात. ते ऐकून मी घरातली भांडी पुन्हा पुन्हा घासते.

तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय. सांगायची राहिली असं नाही, मी ती या सगळ्या पत्रांतून जपून बाजूला ठेवलीय. ती मी आणखी कुणालाही सांगू शकत नाही, म्हणून तुलाच सांगते. दुसरं कुणी उरलंय कुठे?

ताईचा ठोकळा मीच कापला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. काच रंगवून भिंगाखाली ठेवली, तर गाठीच्या कडेला निळ्या दाण्यांची नुसती दाटी. पहारेकरी. ते आत शिरायला लागले होते. अशा गाठी मी सव्वीस वर्षांत शेकड्यांनी पाहिल्यात आणि त्यांची माणसं वर्षानुवर्षं तपासणीला येताना पाहिलीत. पण तुझा नियम होता, मोजणीसाठी गाठीच्या अगदी मधलाच भाग द्यायचा. तिथे शुकशुकाट. मी नियमाप्रमाणे मधला भाग दिला. त्या नऊ जणांचंही तसंच झालं होतं, हे मला आता दिसतं.

ताईचा ठोकळा यायच्या महिनाभर आधी मी तुला म्हटलं होतं, "कडेचाही भाग घेत जा, तिथे वेगळं दिसतं." शिकाऊ मुलींसमोर तू म्हणालास, "तू काप, वाचायचं माझ्यावर सोड." सगळ्या हसल्या. आठवतं? तुला नसेल आठवत.

१९ मेला मी ताईच्या खोलीच्या दारात उभी होते. तू "कुणीच नाही" म्हणालास. लेक स्वयंपाकघरात पाणी आणायला गेली, तू खिडकीशी फोनवर बोलायला गेलास. तेवढ्यात ताईनं मला जवळ बोलावलं.

"मधले, तू बघितलीस ना माझी गाठ? तुला काय वाटतं?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य होतं, 'ताई, कडेला गर्दी आहे, औषध घे.' पण तुझं बोलणं आणि त्या मुलींचं हसणं माझ्या कानात होतं. मनात म्हटलं, वाचायचं तुझ्यावर सोडायचं म्हणे. वाच तू. चूक तुझ्या गळ्यात पडू दे, एकदा सगळ्यांना दिसू दे शहाणा किती शहाणा आहे ते.

आणि मी ताईला म्हणाले, "शहाणा सांगतो तसं कर."

तिनं मान डोलवली आणि डोळे मिटले. तिचा आपल्या दोघांवर सारखाच विश्वास होता.

तू तुझ्या सूत्रासाठी केलंस. मी तुझ्यावरच्या रागासाठी केलं. सूड मी फेब्रुवारीत सुरू केला असं तुला वाटत असेल. तो त्या दिवशीच सुरू झाला होता, आणि पहिला वार ताईवर पडला.

मधली

२९ मे

शहाण्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, हातानं लिहिलेली. चार वेळा वाचलं. क्षमा मागितलीस ती माझ्याकडे मागून उपयोग नाही, मी ती द्यायच्या जागेवर नाही. पण "मी 'कुणीच नाही' म्हणालो तेव्हा मला ते नऊ आठवत होते" हे वाक्य तू स्वतःहून लिहिलंस, ते बरं केलंस. तुझ्याकडून आलेलं इतक्या दिवसांतलं हे पहिलं धड वाक्य.

शेवटच्या पानावर मात्र तू पुन्हा मूळ पदावर गेलास. 'जे झालं ते आपल्या दोघांत राहू दे. ताईच्या लेकीला आता सांगून काय मिळणार? ती सावरतेय.'

ती सावरत नाहीये. तिनं मंगळवारी फोन केला होता. "मावशी, मामाबद्दल छापून आलंय ते वाचलं. आईचा आकडा त्याच सूत्रातला होता ना?" मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "माझी वही काढलीय. १९ मेच्या पानावर मी मामाचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंय. तू त्या दिवशी काय म्हणालीस ते मात्र कुठे नाही. तू काही बोलली होतीस का?"

मी म्हटलं, "रविवारी येऊन सांगते."

माझं पोट भरलं नाही असं तुला वाटेल. खरंच नाही भरलं. तुला सभेत वाकवलं ते पाहून मला जे सुख झालं ते दोन दिवसांत आंबलं. पण ज्या माणसांनी तिची आई तिच्यापासून हिरावली, त्यांतला एक लांब शहरात बसून सावरण्याच्या गोष्टी करणार आणि दुसरी तिच्या घरी मायेची मावशी म्हणून जाणार, हे मी होऊ देणार नाही. तुझ्यासाठीही नाही आणि माझ्यासाठीही नाही. समितीनं आपल्याला जी शिक्षा दिली ती कागदाची होती. खरी ती द्यायची की नाही, हे तिनं ठरवायचं.

रविवारी सकाळी अकराला तिच्या दाराशी ये. मी जिन्यापाशी थांबेन. आत गेल्यावर आधी तू बोल, चष्मा न पुसता. मग मी माझं सांगेन, आणि मी बोलत असताना तू मध्ये पडून मला सांभाळून घ्यायचं नाहीस. ती रडली तर जवळ जायचं नाही, ओरडली तर ऐकायचं, जा म्हणाली तर दोघांनी उठायचं. ती आपल्याला बसायला सांगेल की नाही, तेही मला ठाऊक नाही.

येताना जेवून ये.

मधली